यंत्रांच्या पाठीपर्यंत हात पोहोचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर घेतलेल्या शिडाच्या बोटी आता पुन्हा पाण्यात उतरतील. मुंबई बंदरात, मांडव्याला, गोव्यात या दिवसांत बुडाचा रंग, शिडांची शिवण, इंजिनाचे तेल यांची धावपळ असते. वायरिंगची पाळी शेवटी येते, तीही एखादे यंत्र बंद असेल तरच. खोली सांगणारे यंत्र, वाऱ्याची दिशा व वेग दाखवणारे यंत्र, नकाशावर बोटीची जागा दाखवणारा जीपीएस प्लॉटर, बोलण्याचा व्हीएचएफ रेडिओ, आसपासच्या जहाजांची ओळख व जागा सांगणारे एआयएस किंवा सुकाणू आपोआप धरणारा ऑटोपायलट यांपैकी काही बंद पडले की मालक नवे यंत्र मागवतो. जुने यंत्र टेबलावर आणून थेट बॅटरीला जोडले, तर पुष्कळदा ते बिनतक्रार चालते. दोष असतो तारेत किंवा जोडात, आणि तो जोड असतो हात न पोहोचणाऱ्या जागी.

म्हणून नवी बोट बांधणाऱ्यांना आणि जुनी दुरुस्त करून घेणाऱ्यांना या पत्रातून आग्रहाने सांगायचे आहे, की यंत्राच्या पाठीपर्यंत जाण्याची वाट आधी ठरवा, यंत्र नंतर निवडा.

शिडाच्या बोटीत जागा इतकी थोडी, की सुतार प्रत्येक पोकळी फळीने बंद करतो. आतून सारे सुबक दिसते. पण कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या उघड्या जागेच्या, पुढच्या भिंतीवर बसवलेल्या डिस्प्लेची पाठ केबिनमध्ये येते, आणि त्या पाठीवरच फळी चिकटवलेली असते. मग एक साधा प्लग बदलायला फळी कापावी लागते. ती फळी चार-सहा स्क्रूंवर बसवायला जास्तीचा खर्च जवळपास काही नसतो. छताच्या आतल्या अस्तराला वेल्क्रो किंवा चेन लावता येते. कप्प्यांच्या मागे पंधरा सेंटिमीटर व्यासाचे फिरवून उघडायचे झाकण बसवता येते. एक हात आणि टॉर्च आत जायला तेवढे पुरते. डिस्प्ले सिलिकॉन लावून चिकटवू नये. सोबत आलेली रबरी गॅस्केट पुरेशी असते, नाहीतर ब्यूटाइल टेप वापरावी, म्हणजे काच न फोडता यंत्र निघते.

नकाशाच्या टेबलाजवळचे स्विच पॅनेल खालच्या बाजूला बिजागरी लावून पुढे उघडेल असे करावे आणि साखळीने अडवावे. तारांचा जुडगा बिजागरीच्याच बाजूने न्यावा. तो उघडणाऱ्या बाजूने नेला, तर दर वेळी पॅनेल उघडताना प्रत्येक थिंबलवर, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीवर, ओढ बसते आणि दोन-तीन हंगामांत एकेक तार सुटू लागते. प्रत्येक यंत्रामागे तीस-चाळीस सेंटिमीटर तार जास्त ठेवावी. यंत्र बाहेर ओढून मांडीवर घेऊन काम करता आले पाहिजे. हीच जास्तीची तार प्लगच्या खाली झोका घेऊन वर आणली, की तारेवरून ओघळणारे पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकते, प्लगमध्ये शिरत नाही.

तारा नेण्याच्या प्रत्येक नळीत नायलॉनची एक पातळ दोरी मोकळी सोडून द्यावी. पुढे नवी केबल ओढायची वेळ आली की तिची किंमत कळते. केबलबरोबर दुसरी दोरीही ओढून घ्यावी, म्हणजे पुढच्यासाठी ती राहते. जुनी केबल काढायची असेल तर तिच्या टोकाला दोरी बांधल्याशिवाय ती कधीही ओढू नये. गाठीवर टेप निमुळती गुंडाळावी. जाड गाठ पहिल्याच वळणात अडकते.

सगळ्यांत अवघड जागा डोलकाठीची. तिच्या टोकावर वाऱ्याचे यंत्र, व्हीएचएफचा अँटेना, नांगराचा आणि तिरंगी दिवा असतो. त्यांच्या तारा डोलकाठीच्या पोटातून येतात, आणि त्याच पोटातून शीड वर ओढण्याचे दोरही जातात. तारा वेगळ्या नळीत नसतील तर दोर त्यांची साले काढतात. नळी रिव्हेटने बसवताना रिव्हेटची आतली धारदार टोके तारेला लागत नाहीत ना, हे पाहावे. नळी बसवणे शक्य नसेल, तर तारांच्या जुडग्यावर दर अर्ध्या मीटरला प्लास्टिकचे तीन टाय एकमेकांपासून समान कोनात लावावेत आणि त्यांच्या शेपट्या कापू नयेत. त्या शेपट्या तारा डोलकाठीच्या मधोमध धरतात, आणि रात्रभर नांगरावर ऐकू येणारी खडखडही थांबते. तारांचे सगळे वजन वरच्या प्लगवर येऊ देऊ नये. टोकाशी पकड देऊन ते डोलकाठीवर घ्यावे. तार जिथे अ‍ॅल्युमिनियमच्या भोकातून आत-बाहेर जाते, तिथे भोकाच्या कडेला रबरी कडे (ग्रोमेट) हवेच.

डोलकाठी डेकवर उभी असेल तर तारा डेकमधून चांगल्या प्रतीच्या ग्लँडमधून (तारेभोवती पाणी अडवणाऱ्या बुचातून) खाली घ्याव्यात. ती डेकमधून थेट तळापर्यंत जात असेल, तर पावसाचे पाणी तिच्या आतून तारांवरून खाली उतरते. अशा बोटींत जोडांची पेटी तळाच्या फळीखाली ठेवण्याची चुकीची पद्धत रूढ आहे, कारण तिथे ती दिसत नाही. पण खारे पाणी साचते ते नेमके तिथेच. पेटी केबिनच्या छताजवळ, झाकण उघडता येईल अशी ठेवावी आणि तारा तिच्यात खालून शिराव्यात. प्रत्येक तारेला वेगळा प्लग दिला, तर डोलकाठी उतरवताना काही कापावे लागत नाही.

डोलकाठीवर चढणाऱ्याबद्दल दोन शब्द, कारण इथे जीव जाऊ शकतो. बसून वर जाण्याची खुर्ची दोन वेगळ्या दोरांवर हवी, एक ओढण्यासाठी आणि दुसरा राखीव, दोन माणसांच्या हातात. दोर झटकन सुटणाऱ्या शॅकलला न अडकवता गाठीने बांधावा. हत्यारे दोरीने कमरेला, आणि खाली कोणी उभे राहू नये.

आता अँटेनाच्या केबलबद्दल. बारीक आणि स्वस्त म्हणून आरजी-५८ जातीची केबल घातली जाते. टोकापासून रेडिओपर्यंत वीस मीटर अंतर धरले, तर व्हीएचएफच्या १५६ मेगाहर्ट्झजवळ तिच्यात सुमारे चार डेसिबल खर्ची पडतात. २५ वॉटच्या रेडिओतून वर पोहोचतात जेमतेम दहा वॉट. जाड आरजी-२१३ घातली तर सोळा-सतरा वॉट पोहोचतात. वजन वाढते हे खरे, पण जुनी केबल बदलायची वेळ आलीच असेल तर तिथे काटकसर करू नये. वरचा जोड स्वतःला चिकटणाऱ्या रबरी टेपने झाकावा. टेप दुप्पट ताणून, निम्मा थर निम्म्यावर येईल अशी, खालून वर गुंडाळावी, म्हणजे पाणी थरांवरून घसरते, फटीत जात नाही. त्यावर उन्हापासून बचावासाठी काळ्या विनाइल टेपचा थर द्यावा. केबल कापल्यावर आतली जाळी काळी किंवा हिरवी दिसली, तर फक्त टोक कापून भागत नाही. पाणी जाळीतून मीटर-मीटर आत गेलेले असते. पूर्ण केबल बदला.

वाऱ्याच्या यंत्राचा वरचा सेन्सर पावसाळ्यात काढून घरी ठेवावा आणि सॉकेटला टोपी लावावी. घारी-कावळे बसून त्याची दिशादर्शक पट्टी वाकवतात, आणि चार महिन्यांच्या पावसात सॉकेटच्या पिना हिरव्या होतात. परत बसवताना पिनांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती वीजपुरवठ्यात. इमारतीच्या वायरिंगची तार बोटीत वापरण्याची आपल्याकडे सवय आहे, कारण ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. तिचे तांबे उघडे असते. खारी हवा टोकातून आत शिरते आणि सालीच्या आतून तांबे काळे पडत जाते. बोटीसाठी प्रत्येक धागा कथिलाने मढवलेली, बारीक धाग्यांची लवचीक तार लागते. ती महाग असते, मागवावी लागते, पण पर्याय नाही.

जाडीचा हिशेब सोपा आहे. रेडिओ बोलताना सुमारे सहा अँपिअर घेतो. बॅटरी आठ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तार सोळा मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे १.१ व्होल्ट गळतात, अडीचच्या तारेत ०.६७, चारच्या तारेत ०.४२ आणि सहाच्या तारेत ०.२८. बोटींच्या विद्युतकामात प्रचलित असलेल्या अमेरिकी एबीवायसी मानकात महत्त्वाच्या यंत्रांसाठी तीन टक्के घट मान्य आहे, म्हणजे बारा व्होल्टवर ०.३६. तेव्हा सहा चौरस मिलिमीटर. ‘ऐकू येते पण पलीकडे आवाज जात नाही’ ही तक्रार बारीक तारेने होते, कारण ऐकताना रेडिओ अर्धा अँपिअरही घेत नाही.

मल्टिमीटरने रेडिओच्या टोकाशी १२.६ व्होल्ट दिसले म्हणून तार चांगली असे समजू नये. क्षार चढलेल्या जोडाचा रोध केवळ एक-दशांश ओहम असला, तरी सहा अँपिअरला तो ०.६ व्होल्ट खातो, आणि भार नसताना मात्र अजिबात दिसत नाही. म्हणून मोजमाप भार असतानाच करावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर, दुसरे रेडिओच्या धन टोकावर ठेवून कुणाला तरी दोन-तीन सेकंद बोलण्याचे बटण दाबायला सांगावे. जो आकडा येईल ती त्या बाजूची गळती. मग तेच ऋण बाजूला करावे. निम्मे दोष ऋण बाजूला असतात आणि तिकडे कोणी पाहत नाही. ही चाचणी अँटेना जोडलेला असतानाच आणि संकटाच्या हाकेची १६ क्रमांकाची वाहिनी सोडून, परवानगी असलेल्या वाहिनीवर करावी. अँटेनाशिवाय बटण दाबले तर रेडिओ निकामी होऊ शकतो.

जोड करताना साधी पक्कड नको. पूर्ण दाब बसल्याशिवाय न सुटणारे रॅचेटचे क्रिंपिंग (थिंबल तारेवर दाबून बसवण्याचे) टूल घ्या. थिंबल गोल भोकाची असावी. फाट्याच्या आकाराची स्क्रू सैल होताच निसटते. दाबल्यावर जोराने ओढून पाहावे. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह तापवून घ्यावी, दोन्ही टोकांना गोंद डोकावला पाहिजे. नुसत्या डाग देण्यावर (सोल्डरिंगवर) विसंबून राहू नये. शिसे-कथिल तारेत वर चढते, तेवढी तार ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. प्लास्टिकची कनेक्टर पट्टी घरात ठीक आहे. तिचे लोखंडी स्क्रू बोटीत एका पावसाळ्यात गंजतात. काळी चिकटपट्टी गुंडाळलेला पिळाचा जोड तर दिसताक्षणी कापून टाकावा.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन खुंटीपासून अठरा सेंटिमीटरच्या आत हवा. त्यापुढच्या तारेचे संरक्षण तो करतो. मागच्या उघड्या तुकड्याला काही संरक्षण नसते, म्हणून तो तुकडा लहान. इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीवर प्लॉटर जोडू नये. स्टार्टर फिरताना व्होल्टेज क्षणभर कोसळते आणि प्लॉटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. धक्क्याला लागताना ऐन वेळी पडदा काळा होतो तो यामुळे. यंत्रांची बॅटरी वेगळी ठेवा.

यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या तारांबद्दल गोंधळ फार आहे. जुन्या एनएमईए ०१८३ पद्धतीत एक बोलणारा आणि अनेक ऐकणारे चालतात. दोन बोलणारे एकाच जोडीवर घातले तर कोणाचेच कळत नाही, त्यासाठी दोघांचे बोलणे एका जोडीवर क्रमाने आणणारा मल्टिप्लेक्सर लागतो. साधी यंत्रे सेकंदाला ४८०० बिटच्या वेगाने बोलतात, एआयएस ३८४०० ने. वेग जुळवला नाही तर तारा बरोबर असूनही पडदा रिकामा राहतो.

नव्या एनएमईए २००० पद्धतीत एक मुख्य केबल असते, तिला टी-जोडांनी यंत्रे लटकतात. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर (टोक बंद करणारा रोधक), आणि वीजपुरवठा एकाच ठिकाणाहून. लटकणारी केबल सहा मीटरपेक्षा लांब चालत नाही. डोलकाठीच्या टोकाकडचा सेन्सर याच पद्धतीचा असेल तर त्याच्यासाठी लांब फाटा काढू नये, मुख्य केबलच वर न्यावी आणि एक टर्मिनेटर तिथे बसवावा. तपासणीला लाखाचे उपकरण लागत नाही. पुरवठा बंद करून एका मोकळ्या जोडावर पांढऱ्या आणि निळ्या तारेच्या पिनांमधला रोध मोजा. साठच्या आसपास आला तर ठीक. १२० आला तर एक टर्मिनेटर गायब आहे किंवा मुख्य केबल मध्येच तुटली आहे. चाळीस आला तर कोणीतरी तिसरा घातला आहे. ‘कधी चालते, कधी नाही’ अशा बोटींत हे एक मोजमाप सर्वांत आधी करावे.

खोलीमापकाच्या सेन्सरची केबल कापून आखूड करू नये आणि तिला जोडही देऊ नये. जास्तीची लांबी गुंडाळून ठेवावी, पण वीजपुरवठ्याच्या तारांपासून दूर. बुडाच्या आतून बसवायच्या सेन्सरखाली भरीव फायबरग्लास हवा. मधे फोम किंवा बाल्सा असेल, किंवा चिकटवताना हवेचा एक बुडबुडा राहिला, तर ध्वनी पलीकडे जात नाही. सेन्सरपासून किलच्या (बुडाखालच्या जड पात्याच्या) तळापर्यंतचे अंतर यंत्रात भरले आहे का, तेही पाहा. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक काही वेळा चार मीटरांपुढे जातो. त्या पाण्यात एक मीटरची चूक बोट गाळात रुतवते.

वेग मोजणाऱ्या छोट्या चाकावर आपल्या कोमट, गढूळ पाण्यात बार्नेकल (चिकटून बसणारे कवचाचे जीव) पटापट वाढतात. बोट मुरिंगवर (कायमच्या नांगराला बांधून) उभी असताना ते चाक काढून बुडातल्या भोकात आंधळे बूच ठेवावे. काढताना बूच दुसऱ्या हातात तयार हवे, कारण पाणी जोरात आत येते. घाबरू नये, बूच बसले की थांबते. पण या जागेवरची फळी स्क्रूने घट्ट असेल तर हे कोणी करत नाही. तिथे फळीला हाताचे बोट घालून उचलायचे भोक द्या.

ऑटोपायलटचा होकायंत्र-सेन्सर स्पीकर, इंजिन, लोखंडी हत्यारांचा डबा यांपासून किमान एक मीटर लांब, बोटीच्या मध्याजवळ आणि खाली असावा. त्याच्याजवळून जाणाऱ्या धन-ऋण तारा एकमेकींत पिळून न्याव्यात, म्हणजे दोन्हींची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना निष्प्रभ करतात. बोट पाण्यात उतरल्यावर शांत जागी संथ वर्तुळे घेऊन तो जुळवून घ्यावा.

एलईडी दिव्यांबाबत अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ साली इशारा दिला होता, की काही एलईडी दिवे व्हीएचएफ आणि एआयएस या दोन्हींच्या ग्रहणात व्यत्यय आणतात. डोलकाठीच्या टोकावर दिवा आणि अँटेना हातभर अंतरावर असतात, तेव्हा हा दोष तिथे ठळक होतो. तपासायचे असे: शांत वाहिनी लावून स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबणारा नियंत्रक) खरखर जेमतेम थांबेल इतकाच ठेवावा, मग दिवे एकेक करून लावावेत. ज्या दिव्याने खरखर परत येते तो बदलावा. रात्री दिवे लावल्यावरच रेडिओ बहिरा होतो, आणि दिवसा तपासणारा वायरमन म्हणतो, सगळे ठीक आहे.

गोव्यात बांधलेल्या म्हादेई या नौदलाच्या शिडाच्या बोटीवरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तशाच तारिणीवरून नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांनी दोनदा केली. दूर समुद्रात टिकणारी बोट बांधण्याचे कसब आपल्या किनाऱ्यावर आहे. छोट्या बोटी बांधणाऱ्या यार्डांकडून मग एवढी अपेक्षा गैर नाही: ताबा देताना वायरिंगचा नकाशा द्या, प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांक द्या, आणि कुठले झाकण उघडले की काय सापडते, हे लिहून द्या. फळ्या बसण्यापूर्वी मोबाइलवर काढलेली छायाचित्रे त्या नकाशाला जोडा. मालकांनीही शेवटचा हप्ता हे कागद हाती आल्यावरच द्यावा.

हे केवळ हौशी बोटींपुरते नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ज्या योजनेची सुरुवात झाली, तिच्यात देशभरच्या मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर (संदेश देणारी-घेणारी यंत्रे) बसवायचे आहेत. तेही याच खाऱ्या हवेत, अशाच बॅटऱ्यांवर चालणार. किनारी तालुक्यांतल्या आयटीआयमध्ये वायरमनच्या अभ्यासक्रमात बोटीवरच्या बारा व्होल्टच्या कामाचे दोन आठवडे घातले, आणि तिथे रॅचेटचे टूल, कथिल चढवलेली तार आणि भारासहित मोजमाप शिकवले, तर कोकणातल्या मुलांना काम मिळेल आणि तांडेलाला भरवशाचे यंत्र. मत्स्यव्यवसाय विभागाने आणि मेरीटाइम बोर्डाने याचा विचार करावा, अशी विनंती.

या हंगामात एक गोष्ट जरूर करा. डोलकाठी मोडली तर अँटेना तिच्याबरोबर जातो. म्हणून एक राखीव व्हीएचएफ अँटेना, पिछाडीच्या कठड्यावर लावता येईल असा, त्याच्या केबल आणि प्लगसह बोटीत ठेवा. सोळा मीटर उंचीवरचे दोन अँटेना सुमारे तेहतीस किलोमीटरवरून बोलू शकतात. कठड्यावर तीन मीटर उंचीवर लावलेल्या राखीव अँटेनावरून तशाच उंच अँटेनाच्या बोटीशी सुमारे तेवीस किलोमीटरपर्यंत बोलता येते. तो प्लग रेडिओच्या पाठीला लावायचा असतो. तेव्हा रेडिओ अंधारात, हलत्या बोटीत, एका हाताने बाहेर ओढता येतो का, हे धक्क्याला असतानाच करून पाहा. येत नसेल, तर बोट पाण्यात उतरण्याआधी पहिली फळी तिथलीच काढा.

आपला,
बोटींच्या विद्युतकामातील एक वाचक,
अलिबाग